काम बंद सापडले

बसा दोघं. मागच्यांनीही वह्या मिटा, आज डिक्टेशन नाही. आज या दोघांची हजेरी घ्यायची आहे, आणि ती सगळ्यांनी ऐकायची, कारण पुढे-मागे यांच्या खुर्चीवर तुमच्यापैकीच कोणीतरी बसणार आहे.

काल अकोल्याच्या कार्यक्रमात काय झालं? थांब, तू नको सांगू. तू 'मॅडम, नेट गेलं होतं' इथूनच सुरू करशील. मीच सांगते, मी तिसऱ्या रांगेत होते. कपाशीवरचं व्याख्यान, सभागृह भरलेलं. पुढच्या दोन रांगांत ऐकू न येणारी मंडळी, आणि त्यांच्यासाठी बाजूच्या पडद्यावर तुमची अक्षरं. वक्ते म्हणाले, गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. पडद्यावर उमटलं, 'गुलाबी गोड अळी साठी काम बंद सापडले लावा.' मागची माणसं खो खो हसली. माझ्यासमोर अकोटकडची एक मुलगी होती, वीस-बावीसची, मांडीवर वही. तिनं 'काम बंद सापडले' जसंच्या तसं उतरवून घेतलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि वही शेजारच्या बाईपुढे सरकवली. ती बाई पदर तोंडाला लावून हसत होती. मुलीनं तिच्याकडे पाहिलं, मागे वळून हसणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि वही मिटली. पुढचा तासभर ती वही उघडली नाही. तुम्हाला हे दिसलं नाही, कारण तुम्ही 'बोंडअळी'चा 'ब' शोधत होता.

आता सांगा, यात वेग कुठे कमी पडला? तुझ्याकडे मराठी लघुलेखनाचं शंभरचं प्रमाणपत्र आहे. पुण्याच्या परीक्षा परिषदेनं दिलंय, मी घरी नाही छापलं. याचं टंकलेखन चाळीसचं. साठ, ऐंशी, शंभर, एकशेवीस या पायऱ्या चढताना तुम्ही रात्री जागलात हे मला माहीत आहे, जागवणारी मीच होते. पण परीक्षेतला उतारा कसा असतो? समोरचा माणूस घड्याळ पाहून एका पट्टीत वाचतो, मध्येच खोकत नाही, माइकपासून तोंड फिरवत नाही, 'ते मागच्या स्लाइडवरचं पाहा' म्हणत नाही. वाचून झालं, की तुम्हाला टंकून काढायला वेगळा वेळ मिळतो. एखादी आउटलाइन लागली नाही तर मागचं-पुढचं वाक्य पाहून लावता येते. सभागृहात ही चैन नाही. शब्द सुटला, की दोन-तीन सेकंदांत तो पडद्यावर दिसायला हवा. दिसला, की लोकांनी वाचला. परत बोलावता येत नाही.

आणि चाळीसच्या वेगानं बोलणारा वक्ता वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे. म्हणूनच आपण जोडीनं बसतो. एकीनं कानाला हेडफोन लावून वक्त्याचं वाक्य सपाट, स्वच्छ आवाजात यंत्राला पुन्हा सांगायचं आणि दुसऱ्यानं उमटलेला मजकूर तिथल्या तिथे नीट करायचा. बीबीसीत ही रीत २००१ च्या सुमारास सुरू झाली. अमेरिकेत हेच काम स्टेनो मशीनवर चालतं. तिथल्या कोर्ट रिपोर्टरची परीक्षा मिनिटाला २२५ शब्दांपर्यंत जाते आणि १९८२ च्या ऑस्कर सोहळ्यापासून टीव्हीवर थेट कॅप्शन द्यायला सुरुवात झाली. मराठीसाठी बोलून टंकण्याची सोय गूगलनं २०१७ मध्ये आणली. तेव्हापासून तुमच्यासारख्यांना वाटायला लागलं, की यंत्र आहेच, डोकं घरी ठेवून गेलं तरी भागतं.

यंत्राला काय येतं? जे लाखो लोक रोज बोलतात तेवढं. 'कामगंध' हा शब्द त्याच्या कानावर कितीदा पडला असेल? कृषी विद्यापीठाच्या आवारात, कृषी सहायकाच्या तोंडी, बोंडअळी आली की बांधावर. एवढ्यावर ते शिकत नाही. 'तुडतुडे', 'फुलकिडे', 'खारपाणपट्टा' यातलं त्याला काहीही धड येत नाही. खारपाणपट्ट्याचं तर काल 'खरा पान पट्टा' झालं. पूर्णेच्या खोऱ्यात खाऱ्या पाण्यानं पिढ्यान् पिढ्या हैराण झालेली माणसं समोर बसलीत आणि तुम्ही त्यांना पानपट्टीवर नेऊन उभं करता!

'मॅडम, विषय कापसाचा आहे एवढंच सांगितलं होतं.' बरं. मग पुढचं तू विचारलंस का? व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकलास आणि निळी टिक येत नाही म्हणून गप्प बसलास. याला विचारणं म्हणत नाहीत. वक्त्याला फोन करायचा. वक्ता घेत नसेल तर त्याच्या विद्यार्थ्याला, तोही घेत नसेल तर कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्याला. स्लाइड मागायच्या. देत नसतील तर त्यांचं जुनं एखादं भाषण यूट्यूबवर शोधून ऐकायचं. माणूस आयुष्यभर त्याच पंधरा-वीस गोष्टी बोलतो, जाणकार माणूस तर हमखास. तेही मिळालं नाही तर त्या विषयावरची कृषी विद्यापीठाची पुस्तिका घेऊन बसायचं. अकोल्यात १९६९ पासून विद्यापीठ उभं आहे, कापसावर मराठीत किती कागद छापला गेलाय याची गणती नाही, आणि तुम्हाला शब्द सापडत नाहीत?

विधिमंडळाच्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात भाषणं उतरवून घेणारे प्रतिवेदक बसतात. थोड्या थोड्या मिनिटांच्या पाळ्या असतात, एक उठला की दुसरा बसतो. ती माणसं तुमच्यापेक्षा दुप्पट मुरलेली. तरी खुर्चीत बसण्याआधी दिवसाच्या कामकाजाचा क्रम आणि तारांकित प्रश्नोत्तरांची छापील यादी त्यांच्या हाताशी असते. कोणत्या गावच्या कोणत्या पुलाबद्दल प्रश्न येणार हे त्यांना आधी वाचता येतं. शिवाय त्यांचा मजकूर नंतर तपासला जातो. तुमचा तपासायला मध्ये कोणी नाही. म्हणजे तयारी त्यांच्यापेक्षा जास्त कोणाची हवी?

आता यादी कशी करायची ते ऐका. हे तुम्हाला मी शिकवलेलं आहे, पण काल तुम्ही ते गुंडाळून ठेवलं होतं, म्हणून परत सांगते.

आदल्या रात्री विषयाचे शब्द कागदावर काढायचे. साठ निघोत, नाही तर दीडशे. मग ते एकेक करून यंत्राला बोलून दाखवायचे. हेडफोन तोच, माइक तोच, बोलणारी तीच. जो शब्द बरोबर उमटला त्यावर काट मारायची. जो फुटला तो कसा फुटला हे त्याच्यासमोर लिहायचं. 'कामगंध सापळे'चं 'काम बंद सापडले' होतं, हे तुम्हाला परवा रात्री घरी बसून कळलं असतं! मग बोलणारीनं तो शब्द यंत्राला सांगायचाच नाही. तिनं जागा सोडायची आणि दुरुस्ती करणाऱ्यानं आपला आखूड संकेत मारायचा. 'कासा' दाबलं की 'कामगंध सापळे', 'गुबो' दाबलं की 'गुलाबी बोंडअळी', 'पंदे' दाबलं की 'डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ' अख्खं, एका स्पेसमध्ये. लघुलेखनात शब्दचिन्हं काय वेगळी असतात? जो शब्द फिरून फिरून येतो त्याला छोटी रेघ. तीच युक्ती आहे, फक्त पेन्सिलीऐवजी कीबोर्ड. अट एकच, संकेत दोघांनाही पाठ पाहिजेत. काल तू 'पीकेव्ही' म्हणून जागा सोडलीस आणि हा 'पंदे'ची वाट पाहत बसला. अकोल्यातला माणूस त्या विद्यापीठाला पीकेव्हीच म्हणणार. आणि 'भाऊसाहेब' म्हणाला तर तो पापळला जन्मलेल्या, देशाचं कृषिमंत्रिपद सांभाळलेल्या पंजाबरावांबद्दलच बोलतोय, हे तुम्हाला कोणी समजावून द्यायला लागू नये. काल 'भाऊ साहेब' असे दोन तुकडे पडद्यावर लोंबत होते.

गावांची नावं तर विचारूच नका. शंका विचारायला उभा राहिलेला शेतकरी म्हणाला, मी चांदूरचा. तुम्ही लिहिलं 'चांदूर रेल्वे'. कशावरून? तो चांदूर बाजारचा होता. दोन चांदूरांत अख्खा तालुका पडतो, एकीकडे संत्रा, दुसरीकडे सोयाबीन-तूर, प्रश्नाचा अर्थच बदलतो. नांदगाव पेठ वेगळं, नांदगाव खंडेश्वर वेगळं. धामणगाव रेल्वे आणि धामणगाव गढी यांची गाठ घालू नका. अकोट म्हणजे गाव आणि अकोट फैल म्हणजे अकोल्यातली वस्ती. बार्शीटाकळीचं यंत्र नुसतं बार्शी करून टाकतं आणि माणूस एका झटक्यात सोलापूर जिल्ह्यात जाऊन पडतो. नुसतं 'चांदूर' ऐकलं तर नुसतं 'चांदूर' लिहा. शेपूट आपल्या मनानं जोडू नका. गावांची यादी एकदाच करायची असते, ती दर कामाला उपयोगी पडते. अमरावती-अकोल्याचे तालुके मोजून दोन पानांत मावतात.

मागच्या बाकावर कोण हसतंय? ये पुढे. तुला मजा वाटतेय ना, आता हसायला येणार नाही तो भाग सांगते.

आकडे. काल वक्ते फवारणीचं प्रमाण सांगत होते. निंबोळी अर्क पाच टक्के, हे तुम्ही बरोबर लिहिलं, त्याबद्दल शाबासकी देणार नाही. त्यानंतर एका औषधाचं त्यांनी 'दीड मिली' म्हटलं आणि पडद्यावर 'दीडशे मिली' आलं. एका लिटरला दीडशे! दुरुस्त व्हायला किती वेळ लागला? मी पाहत होते, पुढचं अख्खं वाक्य होऊन गेलं. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती माणसं कोणाच्या चुकीच्या पाटीमुळे गेली असं मी म्हणत नाही. पण औषधाच्या मात्रेची भाषा आपल्या भागात किती जपून करायची, हे त्यानंतरही तुम्हाला कळत नसेल तर हे काम सोडा, दुसरीकडे डेटा एंट्रीच्या नोकऱ्या आहेत. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन यांना यंत्र हमखास दगा देतं. यापुढे आपला नियम: मात्रा नेहमी अंकांत, दुरुस्त करणाऱ्यानं हातानं मारायची, १.५ म्हणजे १.५. बोलणारीनं मात्रा यंत्राला सांगायची नाही. आणि चूक झालीच तर वर चढून खोडत बसायचं नाही, खाली नव्या ओळीत 'दुरुस्ती' लिहून आकडा द्यायचा, म्हणजे ज्यानं आधीचा उतरवला त्याला तो दिसेल. मागे जाऊन गुपचूप पुसलेला आकडा वहीतून पुसला जात नाही.

वऱ्हाडीचं काय करायचं, हा प्रश्न तू काल परतताना गाडीत विचारलास, तो मात्र चांगला होता. शेतकरी म्हणाला, 'मले सांगा, फवारनी कवा करू?' तू लिहिलंस, 'मला सांगा, फवारणी केव्हा करू?' मला ते पटलं नाही. तू त्याला पुण्याला पाठवून दिलंस. पुढे बसलेल्या त्या मुलीनं आपल्या बापाचं बोलणं कधी कानानं ऐकलं नसेल, निदान अक्षरांत तरी ते जसं आहे तसं दिसू दे. वाचताना अडखळेल इतकं तोडूमोडू नका, पण 'मले'चा 'मला' करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? सरावाला गाडगेबाबांचं कीर्तन घ्या. १९५६ साली वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण मिळतं. बाबा विचारतात, माणसं एका सुरात उत्तर देतात, लगेच बाबांचा पुढचा प्रश्न. कोण बोलतंय हे दरवेळी दाखवता आलं, हशा आणि टाळ्या कंसात वेळेवर पडल्या, तर मी समजेन की तुम्हाला थोडंफार येतं. तिथे शंभरचं प्रमाणपत्र घेऊन बसलेले भलेभले पाच मिनिटांत पेन खाली ठेवतात.

आता तुझं ते 'नेट'. बोलून टंकायचं तर नेट लागतं, हे काल नव्यानं कळलं का? एकाच कंपनीची दोन सिमं घेऊन गेलात. दोन कंपन्यांची दोन हवीत, आणि दोन्ही त्या सभागृहात आदल्या दिवशी लावून बघायची. जाणं जमत नसेल तर तिथल्या शिपायाला फोन करायचा, कोणतं नेटवर्क धरतं ते त्याला पक्कं माहीत असतं, अध्यक्षाला नसतं. साउंडवाल्याशी दोस्ती करायची. मिक्सरमधून थेट तार घेतली तर वक्त्याचा आवाज स्वच्छ येतो. भिंतीवरच्या भोंग्यातून घेतला तर निम्मा आवाज पंख्यांचा असतो. जाड पिनेचं बारीक पिनेत करायचं कनेक्टर आपलं आपण न्यायचं, ते मांडववाला देणार नाही. एक्स्टेंशन बोर्ड आपला. लॅपटॉपची बॅटरी भरलेली, कारण लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत वक्ता थांबत नाही, उलट जोरात बोलतो.

आणि फाँट! या बाबूनं यादी केली होती, हे मला नंतर कळलं. केली होती ती जुन्या फाँटमध्ये. सभागृहाच्या संगणकावर उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर बोटं बसली आहेत ती बसू देत, पण मजकूर युनिकोडमध्येच पाहिजे. पाऊस आल्यावर तिफण दुरुस्त करायला बसणाऱ्या शेतकऱ्यासारखं काल तू भाषण सुरू झाल्यावर फाँट उतरवत होतास. तुझी केलेली मेहनतही पाण्यात गेली, याचं मला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

उशीर का झाला ते तर मी विचारलंच नाही. रस्त्याचं नाव घेऊ नका. अमरावती-अकोल्याच्या त्याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली आणि गिनेसमध्ये नाव गेलं. डांबराची पहिली गाडी यायच्या आधी किती दिवस नुसती खडी, यंत्रं आणि माणसं मोजण्यात गेले असतील, याचा विचार करा. आणि तुम्हाला शंभरेक किलोमीटर जायला सकाळी साडेनऊची गाडी पुरेशी वाटली, अकराच्या कार्यक्रमाला!

लॅपटॉप उघड. नको, सगळ्यांना दिसेल असा फिरव. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'कापूस', 'कापूस फायनल', 'मॅडमला दाखवणे'. यातलं कालचं कोणतं? तुलाच सांगता येत नाही. प्रत्येक कामाचा एक फोल्डर, नावात आधी वर्ष, मग महिना, तारीख, गाव, विषय. आत चारच गोष्टी: पत्रव्यवहार, शब्दयादी, मजकूर, बिल. दवाखान्यातलं किंवा कोर्टातलं काम असेल तर मजकूर ठेवायचा नाही, ज्याचा त्याला देऊन पुसून टाकायचा. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वकिली, काँग्रेस आणि टिळकांची कामं सांभाळून डायरी लिहीत. शिर्डीला राहिले ते दिवसही त्यांनी टिपून ठेवले. तुम्हाला काम संपल्यावर फसलेले शब्द लिहून ठेवायला अर्धा तास मिळत नाही?

'तेवढे पैसे तर द्या मग, एवढी तयारी करायची तर.' हे तू म्हणालास, हळू म्हणालास, पण मला ऐकू येतं. बरोबर आहे तुझं. तयारीचे तास बिलात लावा. कोणी खळखळ केली तर सांगा, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४२ खाली कॅप्शनचा उल्लेख आहे, ही कोणाची मेहरबानी नाही. पण बिलात तयारी लावायची तर ती केलेली असली पाहिजे. कालच्या बिलात तो रकाना रिकामा ठेवा.

पुढच्या आठवड्यात वरुडला संत्र्याचं चर्चासत्र आहे. अंबिया बहार, मृग बहार, ताण देणं, ताण तोडणं, डिंक्या, कोळशी, फळगळ, जंबेरी खुंट, रंगपूर लाइम. हे मी आत्ता उभ्या उभ्या बोलले, यातले किती यंत्राला येतात? माहीत नाही ना? वक्ते किती, माहीत नाही. साउंड कोणाचा, माहीत नाही. आयोजकांचा नंबर तरी आहे ना? मग लाव. इथेच, माझ्यासमोर, स्पीकरवर ठेव. आणि 'जमलं तर', 'सवडीनं' असलं काही न बोलता सगळ्या वक्त्यांची नावं, नंबर आणि स्लाइड माग.